वीस ओळींची स्क्रिप्ट का पुरत नाही

नमस्कार. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (संस्थेतल्या लोकांची लॉगिन खाती ठेवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) मधली खाती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये नेण्यासाठी एलएससी हे दोन्हीकडची खाती जुळवून ठेवणारं साधन वापरा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा नसता व्याप आहे. वीस ओळींची पीएचपी स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालवली की भागतं. 'यादीत नसलेली खाती डिलीट करा' ही स्क्रिप्टची शेवटची ओळही तुम्ही दिली आहे, म्हणजे डिरेक्टरीने दिलेल्या यादीत जे नाही ते डेटाबेसमधून काढायचं.

मला धास्ती वाटते ती त्याच ओळीची.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये एका शोधाला १००० नोंदींपर्यंतच उत्तर देते. पुढच्या हव्या असतील तर पेजिंग करून, म्हणजे टप्प्याटप्प्याने, मागाव्या लागतात, आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये पेजिंग नाही. अशा वेळी पीएचपी 'साइझलिमिट एक्सीडेड' (मर्यादा ओलांडली) अशी वॉर्निंग देतं, पण मिळालेल्या नोंदी तुमच्या हाती ठेवतं आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. रात्री ती वॉर्निंग वाचणार कोण? समजा संस्थेत १४०० खाती आहेत. स्क्रिप्टला दिसली १०००, म्हणजे उरलेली ४०० 'यादीत नाहीत'. सकाळी तेवढ्या लोकांची खाती गायब. वर्षभर ९०० खात्यांवर हीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालली असेल, त्यामुळे संशयही तिच्यावर सगळ्यात शेवटी जाईल.

एलएससीमध्ये सिंक (खाती आणणं, बदलणं) आणि क्लीन (खाती काढणं) हे टप्पे वेगळे आहेत ते याचसाठी. नवी खाती रोज आणा. काढून टाकण्याचं काम वेगळं, डोळ्यांदेखत करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली खाती क्लाउडवर नेणारं मायक्रोसॉफ्टचं एंट्रा कनेक्टसुद्धा एका फेरीत ५०० हून जास्त खाती डिलीट व्हायला लागली की मूळ सेटिंगमध्ये थांबतं.

दुसरं, तुम्ही ओळख म्हणून ईमेल धरला आहे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, पाठोपाठ ईमेल बदलतो. स्क्रिप्टच्या लेखी जुनी बाई गेली, नवी आली. जुन्या आयडीला जोडलेला रजेचा हिशेब तिथेच तुटला. ऑब्जेक्टजीयूआयडी, म्हणजे डिरेक्टरीने प्रत्येक खात्याला दिलेला वेगळा क्रमांक, नाव बदललं तरी तोच राहतो, तो साठवा.

नोकरी सोडून गेलेल्यांचं खातं बहुतेक ठिकाणी डिलीट न करता डिसेबल करतात. साध्या खात्याच्या युजरअकाउंटकंट्रोल या, खात्याची स्थिती सांगणाऱ्या रकान्याची किंमत तेव्हा ५१२ ची ५१४ होते, एवढंच. खातं यादीत असतंच, म्हणून तुमच्या डेटाबेसमध्ये तो माणूस अजून कामावर आहे.

पासवर्डही डेटाबेसमध्ये आणावेत, ही सूचना मला मुळीच मान्य नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ते एलडॅपवरून (डिरेक्टरीशी बोलण्याची ठरलेली पद्धत) वाचूच देत नाही, आणि ते योग्यच आहे. लॉगिनची तपासणी डिरेक्टरीकडेच राहू द्या. फक्त रिकामा पासवर्ड आधीच अडवा. नाहीतर काही सर्व्हर त्याला निनावी प्रवेश समजून होकार देतात.

पन्नास जणांच्या ऑफिसात तुमची पद्धत चालेल, तिथे मीही एलएससीचा आग्रह धरणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की ही स्क्रिप्ट एका महाविद्यालयात चालू आहे. तिथली खाती आज मोजून बघा, आणि पेजिंग घालेपर्यंत ती शेवटची ओळ बंद ठेवा. पेजिंगचा नमुना हवा असेल तर इथेच सांगा, मी लिहून देते.