कासवाचा रुमाल

पालिओ म्हणजे इटलीतल्या सिएना शहराची घोड्यांची शर्यत. चौकाच्या तीन फेऱ्या. सव्वा ते दीड मिनिटांचा मामला. त्यासाठी १६ ऑगस्टच्या भर दुपारी दोनपासून मी सिएनाच्या पियात्सा देल काम्पोत, म्हणजे त्या चौकात, उभा होतो. "मामा, मधल्या मैदानात प्रवेश फुकट असतो," असं भाची म्हणाली आणि पुढचं मी ऐकलंच नाही. पुढचं असं होतं, की तिथे सावली नाही, बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृह तर नाहीच नाही.

बायको मात्र हुशार. "तुम्ही या जाऊन, मी टीव्हीवर बघते," म्हणून हॉटेलात राहिली. तिने आदल्या दिवशी घेतलेला निळा-पिवळा रुमाल माझ्या गळ्यात होता. त्यावर कासव होतं. देवळात शिरताना कासवाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही ती. तिला दुसरं काय आवडणार?

शेजारच्या आजोबांच्या गळ्यात लाल-पिवळा रुमाल, त्यावर गोगलगाय. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला, की भाची कानाशी येऊन पुटपुटली, "मामा, ते आधी काढ!"

सिएनात १७ कोंत्रादा. आपल्या पेठाच म्हणा, पण प्रत्येकीचं चर्च वेगळं, झेंडा वेगळा आणि बहुतेकींचं एक हाडवैर ठरलेलं. गोगलगायीचं वैर कासवाशी! वेगावरून हे दोघे कधी भांडले असतील, देव जाणे. मी रुमाल खिशात कोंबला. आजोबा निवळले. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि त्याने तिथेच लीद टाकली तर शुभ मानतात, हे त्यांनी भाचीमार्फत मला समजावलं. तोवर साडेचार वाजले होते. त्या घोड्याचा मला मनापासून हेवा वाटला.

मग पोशाखी मिरवणूक. सुंदर होती, पण ज्याला 'लागली' आहे त्याने दोन तास झेंडे बघू नयेत.

अखेर घोडे आले. सतरा कोंत्रादांपैकी धावतात दहाच. नऊ जण दोन दोरांच्या मध्ये, दहावा मागे, बाहेर. तो आत घुसला की दोर पडणार. आणि कधी घुसायचं ती त्याची मर्जी. तोवर स्वारांची आपसात कुजबुज, देण्याघेण्याचे सौदे. आपल्याकडे टेबलाखालून चालतं ते इथे घोड्यावर बसून, हजारोंच्या साक्षीने! शिवाय प्रत्येकाच्या हातात वाळवलेल्या बैलाच्या... जाऊ दे, घरात लहान मुलं असतील... एका अवयवाचा चाबूक. तो दुसऱ्या स्वारावर ओढायलाही मुभा. खोगीर नाहीच. स्वार पडला तरी चालतं; एकटा घोडा पहिला आला तरी तोच जिंकला.

दोर पडला. त्याच क्षणी पुढच्या माणसाने पोराला खांद्यावर घेतलं. मला दिसलं ते त्या पोराचं बूड आणि एकदा एक टोपी, स्वाराशिवाय उडताना.

आजोबा रडत मला मिठी मारत होते. "जिंकलात?" मी विचारलं. भाचीने भाषांतर केलं, "नाही. कासव हरलं."

त्यांचं नाक वाहू लागलं. मी खिशात हात घालून मिळालं ते पुढे केलं. आजोबांनी ते उलगडलं, कासव नीट न्याहाळलं आणि मन लावून नाक शिंकरलं. दोनदा.