पायताण म्हणजे पायपुसणं नव्हे

गेल्या आठवड्यात चार गटांवरून एकच मजकूर फोनवर येऊन पडला. म्हणे 'पायताण' हा 'पायदान'चा गावंढळ अपभ्रंश, आणि पायदान म्हणजे पायपुसणं. शिवाय तो शब्द शिवीतच शोभतो. सुशिक्षितांनी शुद्ध मराठीत 'चप्पल' म्हणावं. कराडात वाढलेल्या माणसाला यावर गप्प बसवत नाही.

आधी पायदान. उच्चार जवळचा, दोन्ही वस्तू उंबऱ्यापाशीच पडलेल्या, त्यामुळं पटकन पटतं. पण पिकदाणी, फुलदाणी, अत्तरदाणी यांतल्या 'द'चा 'त' कुठं झालाय? पायताण आलंय 'पादत्राण'वरून. पादचा झाला पाय. 'त्र'मधला र गळाला, जसं सूत्राचं सूत, रात्रीची रात, क्षेत्राचं शेत. त्राण म्हणजे रक्षण. काट्याकुट्यातून पाय राखतं ते पायताण. देवळाच्या पाटीवर 'पादत्राणे बाहेर काढावीत' लिहिलेलं चालतं आणि पुजारी 'पायताणं भाईर' म्हणाला की तो अडाणी!

'चप्पल' शुद्ध मराठी? सांगली जिल्ह्यातल्या जतकडं कानडी बोलणाराही 'चप्पली'च म्हणतो. शब्द चांगला आहे, मीही वापरतो. पण संस्कृतशी नातं दाखवूनच शुद्धता ठरवायची असेल, तर पायताणाचं नातं जास्त सरळ आहे. वहाणेचंही. ती 'उपानह्'वरून आली, आणि ती पायात नसली की माणूस 'अनवाणी'. शिवाय चप्पल म्हणजे चप्पलच. पायताणात बूट, सँडल, कोल्हापुरी सगळं मावतं.

राहिली शिवी. 'पायताणानं हाणीन' हे मी ऐकलंय, एकदा खाल्लंयही. पण खेटराचं आणि जोड्याचं तरी काय वेगळं? आंदोलनं 'जोडे मारो' नावानं होतात, तरी नवा जोडा घेताना कुणी लाजत नाही.

परवा मंडईजवळच्या आजोबांकडं तुटकी कोल्हापुरी नेली. "आण हिकडं पायताण." अंगठा उलटसुलट करून पाहिला. "वादी गेलीय. कान ठीक हायत. बस जरा, दोन टाकं घालतो." मी एक पाय पोत्यावर टेकवून बसलो. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी तळ सुटलेला पांढरा बूट घेऊन आली. आजोबांनी मान वर न करताच सांगितलं, "ठेव बाय पायताण तिथं, ह्येचं झालं की घेतो."