परत सुटलीस की गं!

आज आई आणि मी एका बारशाला गेलो होतो. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या (सबंध कार्यक्रमात प्रोटीन म्हणावं असं तेवढंच), आणि लांबच्या एका मावशीने आईला सगळ्यांसमोर आपादमस्तक न्याहाळलं. "परत सुटलीस की गं! मध्ये किती छान बारीक झाली होतीस."

आई हसली. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय.

ते "छान बारीक" काय होतं ते मला विचारा. तीन वर्षांपूर्वी आई आठ महिन्यांत ६८ किलोवरून ५७ वर आली. रात्री वाटीभर पपई नाहीतर सूप, सकाळी तासभर चालणं, गुरुवार, चतुर्थी, वर एकादशी. जो भेटेल तो कौतुक करायचा. मग सत्यनारायणाला आई सतरंजीवर बसली ती उठेचना. "पायाला मुंग्या आल्यात गं," म्हणाली. लोक हसले. मी काखेत हात घालून उठवलं, तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत आला. नुसती लोंबती कातडी. मुंग्याबिंग्या काही नव्हत्या, पायात जोरच उरला नव्हता.

फिजिओथेरपिस्टने खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितकं उठ-बस करायला सांगितलं. तिच्या वयाला बारा वेळा तरी जमायला हवं. आई पाचाला थांबली.

उपाशी ठेवलं की शरीर फक्त चरबी जाळतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? ते स्नायूही मोडून खातं. तिशी उलटली की स्नायू तसेही हळूहळू झिजतात, साठीनंतर आणखी भराभर. त्यांना काम द्यायचं नाही, प्रोटीन द्यायचं नाही आणि वजनकाट्यावर आकडा उतरला की पेढे वाटायचे! हो, तिची साखर खाली आली होती, मान्य. चालण्याने हृदयाला फायदा होतो, तेही मान्य. पण जेवणानंतरची साखर ओढून घेणारे मुख्य गिऱ्हाईक स्नायूच, आणि आपण त्यांनाच हाकलत होतो.

ताटाचं तर बोलूच नका. आपल्याकडे आमटी म्हणजे डाळीला आंघोळ घातलेलं पाणी. वाटीभरात चार-पाच ग्रॅम प्रोटीन मिळालं तरी नशीब. किलोमागे साधारण पाऊण-एक ग्रॅम रोज लागतं, म्हणजे आईला पन्नासच्या आसपास. उपासाच्या साबुदाण्यातून किती येणार? कप्पाळ! आता ती दोन अंडी खाते (वेगळ्या भांड्यात, गुरुवार सोडून, यावर वाद घालायचा नाही), मुगाची उसळ, दही, मूठभर फुटाणे. किडनीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर उद्या मला बोल लावाल.

आणि वजनं. सुरुवात पाण्याच्या लिटरभर बाटल्यांनी केली, आता पाच-पाच किलोचे डंबेल्स. आठवड्यातून तीनदा. "या वयात हाडं मोडतील," असं सांगणारेही भेटले. अहो, आमच्या आजीने सत्तरीपर्यंत जातं ओढलं, विहिरीवरून कळशा आणल्या, तेव्हा कुणी वय काढलं नाही!

खरं सांगू, राग मावशीवर कमी आहे. आई ५७ वर आली तेव्हा तिचा फोटो इथेच मी टाकला होता. "माझी हिरॉईन" असं लिहून. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बदाम टाकले. तिचा दंड मुठीत येईपर्यंत मला काही दिसलं नाही. रोज एका घरात राहून.

मघाशी काढून टाकला तो फोटो.

आई आता ६१ किलो आहे. जमिनीवरून उठताना अजून एक हात टेकते, पण उठते. बारशाहून आल्यावर ब्लाऊज काढताना कुरकुरत होती, की कमरेला सैल आणि दंडाला काचतोय, शिंप्याकडे टाकायला हवा.