बार्साला 2022 मध्ये फुकटचे पैसे मिळाले नव्हते

युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम सुरू झाला की बार्सिलोना (बार्सा) या स्पॅनिश फुटबॉल क्लबच्या आपल्याकडच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: ‘खिशात दमडी नसताना लापोर्ताने टीव्हीचं भविष्यातलं थोडं उत्पन्न विकलं आणि लेवांडोव्स्की, राफिन्या, कुंदे आणले. हे कर्ज नव्हतं, म्हणजे व्याजही नाही. जोखीम विकत घेणाऱ्याची. 25 वर्षांनी सगळं परत आपलंच. असं सगळेच क्लब करतात. आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकली, विषय संपला.’ मी याच क्लबसाठी रात्र-रात्र जागतो, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे.

आधी काय झालं ते. 2021 च्या ऑगस्टमध्ये क्लबचा अध्यक्ष जोआन लापोर्ताने क्लबवर सुमारे 135 कोटी युरोचं कर्ज असल्याचं जाहीर केलं. पगाराचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता. मेस्सी त्याच महिन्यात गेला. 16 जून 2022 ला सभासदांच्या प्रतिनिधींनी ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, टीव्ही उत्पन्नातला 25 टक्क्यांपर्यंतचा वाटा विकायला मंजुरी दिली. 30 जूनला पहिले 10 टक्के आणि 22 जुलैला उरलेले 15 टक्के ‘सिक्स्थ स्ट्रीट’ या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेले, 25 वर्षांसाठी. स्पेनमध्ये अशा व्यवहारांना ‘पालांका’, म्हणजे तरफ, हा शब्द रूढ झाला.

इथेच एक उलट्या बाजूची चूकही निस्तरतो. ‘बार्साने सामने दाखवायचे हक्क अमेरिकेला विकले’ असंही बोललं जातं. तसं नाही. स्पेनमध्ये 2015 च्या कायद्यापासून सर्व क्लबांचे टीव्ही हक्क लीग एकत्र विकते आणि पैसे वाटून देते. बार्साने विकला तो त्या वाटपातून आपल्या पदरात पडणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा. चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेचे, पैसे त्यात नाहीत.

आता ‘कर्ज नाही, म्हणून व्याज नाही’. पहिल्या 10 टक्क्यांचे बार्साला 20.75 कोटी युरो मिळाले. लीगकडून बार्साला तेव्हा वर्षाला साधारण 16 कोटी मिळत. म्हणजे विकलेला हिस्सा वर्षाला 1.6 कोटींचा. उत्पन्न आहे तेवढंच राहिलं तरी 25 वर्षांत 40 कोटी जाणार. आज 20.75 घ्यायचे आणि 25 वर्षांत 40 द्यायचे, हा कागद कुठल्याही बँकेतल्या माणसापुढे ठेवा, तो दर काढून देईल: वर्षाला 5.8 टक्क्यांच्या आसपास. टीव्हीचं उत्पन्न दरसाल 2 टक्क्यांनी वाढलं तर तोच दर 8 च्या जवळ जातो. दुप्पट दिले म्हणजे लूट झाली, असं मी म्हणत नाही. गृहकर्जातही आपण मुदलाच्या कितीतरी वर भरतो. पण त्या पैशाला भाव होता आणि तो मोजून दिला जातोय. कागदावर ‘व्याज’ हा शब्द नाही, एवढाच फरक.

तुलनेसाठी, याच क्लबने 2021 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या मदतीने जुनी देणी फेडायला 59.5 कोटी युरो उभे केले होते, ते सुमारे 2 टक्क्यांनी. 2022 मध्ये जगभर व्याजदर चढत होते हे खरं. तरीही एवढा महाग पैसा का घेतला, हा प्रश्न त्या मजकुरात कुणी विचारतच नाही, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

ला लीगा प्रत्येक क्लबला संघावर किती खर्च करता येईल याची मर्यादा आखून देते. या मर्यादेत बसत नसाल तर खेळाडू विकत घेतला तरी त्याची नोंदणी होत नाही, म्हणजे तो मैदानात उतरू शकत नाही. 2022 च्या सुरुवातीला बार्साची मर्यादा होती उणे 14.4 कोटी युरो. हो, उणे. कर्ज काढून ही मर्यादा वाढत नाही, कारण कर्ज हे उत्पन्न नव्हे. उत्पन्नाचा हिस्सा विकला की मात्र तो तेव्हा नफा म्हणून जमेस धरला जायचा. म्हणून तरफ. सप्टेंबर 2022 मध्ये मर्यादा झाली 65.6 कोटी. आणि सप्टेंबर 2023 मध्ये? 27 कोटी.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघा. उणे 14.4, 65.6, 27. क्लब सुधारला असता तर तिसरा आकडा असा कोसळला नसता. 2023 च्या उन्हाळ्यात आपण गुंदोआन फुकट आणला, ओरिओल रोमेउ किरकोळ किमतीत घेतला, जोआओ फेलिक्स आणि कान्सेलो उसने आणले. 25 वर्षांच्या विक्रीतून मोकळा श्वास मिळाला तो एका मोसमापुरता.

युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने तर हा नफा मानलाच नाही. 2022 च्या हिशोबात चुकीच्या पद्धतीने नफा दाखवला म्हणून 2023 मध्ये क्लबला 5 लाख युरो दंड झाला आणि लोझानच्या क्रीडा लवादाने 2024 मध्ये बार्साचं अपील फेटाळलं. दंड चिल्लर आहे, पण मुद्दा मोठा: पहिल्या करारावर सही झाली 30 जूनला, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आणि त्या वर्षाचा ताळेबंद 9.8 कोटींच्या नफ्यात बंद झाला.

‘जोखीम विकत घेणाऱ्याची’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. हिस्सा टक्क्यांत विकलाय, त्यामुळे टीव्हीचे पैसे आटले तर त्यांचीही कमाई आटेल. असे पैसे आटतात, हे फ्रान्सने दाखवलं. तिथे मीडियाप्रो कंपनीने 2020 मध्ये काही महिन्यांतच हप्ते थकवले, करार मोडला आणि क्लबांना पैसे द्यायला लीगला कर्ज काढावं लागलं. पण तशी वेळ स्पेनमध्ये आली तर बार्साकडे उरलेल्या तीन हिस्स्यांवरच भागवायचं आहे. खेळाडूंचे पगार काही पंचवीस टक्क्यांनी कमी झालेले नाहीत. आणि उत्पन्न वाढलं, तर वाढीचा चौथा हिस्साही तिकडे जातो. जोखमीची वाटणी झाली हे मान्य. ती संपली, हे नाही.

‘25 वर्षांनी परत’ हे वाक्य सर्वांत जास्त टोचतं. लेवांडोव्स्की आला तेव्हा चौतिशीला टेकला होता, किंमत 4.5 कोटी अधिक बोनस, करार 2026 पर्यंत. विकलेलं उत्पन्न सुटणार 2047 मध्ये. चार-पाच वर्षं खेळणाऱ्या माणसासाठी पंचवीस वर्षांची उचल घेतली, तर त्यातली वीसेक वर्षं जो हप्ता जातो तो कशाचा? माणूस घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढतो कारण घर वीस वर्षं उभं राहतं. ला लीगाने 2021 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीशी सुमारे 200 कोटींचा करार केला तेव्हा क्लबांना हेच बंधन घातलं: 70 टक्के पैसा मैदानं, सुविधा, तंत्रज्ञान यांसाठी, 15 टक्के कर्जफेडीला आणि फक्त 15 टक्के खेळाडूंसाठी. त्या करारात 50 वर्षांसाठी 8.2 टक्के वाटा जाणार होता आणि लापोर्तानेच, मेस्सी गेला त्याच आठवड्यात, अर्ध्या शतकासाठी टीव्ही हक्क गहाण ठेवणार नाही असं ठणकावून सांगितलं होतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. अकरा महिन्यांत त्याच क्लबने 25 टक्के वाटा 25 वर्षांसाठी दिला.

‘सगळेच करतात’ म्हणणारे रेआल माद्रिदचं नाव घेतात. रेआलने त्याच सिक्स्थ स्ट्रीटशी 2022 मध्ये 36 कोटींचा, 20 वर्षांचा करार केला हे खरं आहे. पण तो नव्याने बांधलेल्या बेर्नाबेऊ स्टेडियमच्या काही नव्या व्यवसायांपुरता होता. टीव्हीच्या नेहमीच्या पैशाला त्यांनी हात लावला नाही. जर्मनीत लीगने गुंतवणूकदाराला 8 टक्के वाटा द्यायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो बेत गुंडाळला गेला. आणि ज्यांनी खेळाडूंसाठी लांब मुदतीचं उत्पन्न गहाण टाकलं त्यांचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडचा लीड्स क्लब बघा. 2001 मध्ये त्यांनी पुढच्या 25 वर्षांच्या तिकीट विक्रीवर 6 कोटी पौंड उचलले. त्या वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. 2004 मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला, 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत. बार्सा लीड्स नाही, इतकी पडझड होईल असं मला वाटत नाही. पण पुढची तिकिटं विकतानाही तिथल्या लोकांना आपण वरच राहणार अशीच खात्री होती.

राहिली लीग. 2022-23 ची ला लीगा आपण 88 गुणांनी जिंकलो, लेवांडोव्स्कीने 23 गोल केले. तो आनंद खोटा नव्हता. पण मला 26 ऑक्टोबर 2022 ची रात्रही आठवते. बायर्नविरुद्धचा सामना आपल्याकडे साडेबाराला सुरू व्हायचा होता. त्याआधीच मिलानमध्ये आपल्याच गटातल्या इंटरने प्लझेनला 4-0 हरवलं आणि आपल्या कँप नोऊ मैदानावर चेंडू हलायच्या आत आपण चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडलो होतो. मग 0-3 ने हरलो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी गटातच गारद, तेही या सगळ्या खरेदीनंतर.

शिवाय त्या मजकुरात टीव्हीबरोबरच्या दुसऱ्या विक्रीचा उल्लेखच नसतो. लीगचा पहिला सामना 13 ऑगस्टला होता. नोंदणी अडली होती म्हणून 12 तारखेला ‘बार्सा स्टुडिओज’ या क्लबच्या व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीचा 24.5 टक्के हिस्सा 10 कोटींना विकला गेला, तेव्हा कुठे लेवांडोव्स्की मैदानात उतरला. कुंदेला तर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबावं लागलं. त्या स्टुडिओचे पैसे ठरल्या वेळी आलेच नाहीत, आणि 2023-24 मध्ये त्याचं मूल्य खाली आणावं लागल्यामुळे क्लब 9.1 कोटींच्या तोट्यात गेला.

‘मग काय, क्लब बुडू द्यायचा होता?’ असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. पहिले 10 टक्के मी समजू शकतो. खड्डा आधीच्या कारभाराने खणला होता आणि तो बुजवणं भाग होतं. दुसरे 15 टक्के मला आजही पटत नाहीत. संघात तेव्हाही पेद्री, गावी, अराउहो होते, बाल्दे वर येत होता. 29 एप्रिल 2023 ला बेतिसविरुद्ध ला मासिया या क्लबच्या अकादमीत वाढलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा बदली खेळाडू म्हणून उतरला, लामिन यमाल. टीव्हीच्या उत्पन्नाचा तो चौथा हिस्सा क्लबकडे परत येईल, तेव्हा त्याने चाळिशी गाठलेली असेल.