साडेसातशे माणसांचा कसबा: ‘घाटावरचा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या तळ्याकाठच्या गावावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही ‘घाटावरचा’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा वाटलं, माणसाने लेख नीट वाचलाय. तिसऱ्यांदा प्रवासातली वही काढून बसलो. इतकं साठलं की प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून हे वेगळं उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. साडेसातशे डोक्यांच्या वस्तीला मी ‘कसबा’ म्हटलं ती उगाच फुगवाफुगवी, सरळ खेडं म्हणायचं. ‘सात हजार वर्षं अखंड चालू असलेली मिठाची खाण’ हे वाक्य कुठल्यातरी माहितीपत्रकातून उचललेलं. रंगवलेल्या कवट्यांना ‘विक्षिप्त’ म्हणणं हे बघ्याचं लिखाण. आणि अख्ख्या लेखात तळं आहे, डोंगर आहेत, माणसं कुठेच नाहीत. जाता जाता एक चिमटा: पर्यटकांच्या नावाने बोटं मोडणारा लेखक स्वतः तिथे काय कीर्तनाला गेला होता?

खाणीचा आक्षेप सपशेल मान्य. ‘अखंड’ हा शब्द चुकला. सात हजार वर्षं हा आकडा तिथे सापडलेल्या सांबरशिंगाच्या एका कुदळीवरून येतो. ती इसवी सनपूर्व ५००० च्या सुमाराची आहे. पण कुदळ मिळाली म्हणजे तेव्हापासून आजवर खाण चालूच होती असं होत नाही. डोंगराच्या पोटात नीट खणलेल्या खाणी कांस्ययुगातल्या. तिथला एक लाकडी जिना २००३ साली सापडला, आणि त्याच्या लाकडातली वर्षवलयं मोजून तो इसवी सनपूर्व १३४४-४३ चा ठरला. युरोपातला सर्वांत जुना लाकडी जिना तोच, असं सांगतात. त्यानंतर दरडी कोसळल्या, खाणी बुजल्या. लोहयुगात पुन्हा जोरात काम सुरू झालं, आणि इसवी सनपूर्व चौथ्या शतकात दरडीने तेही गाडलं. पुढे रोमन लोक खाली तळ्याकाठी राहिले. लेखी कागद मात्र थेट चौदाव्या शतकाच्या तोंडावर दिसू लागतात. म्हणजे धागा आहे, पण गाठी मारलेला. मी तो सलग सूत समजून लिहून मोकळा झालो.

‘कसबा’ मात्र सोडणार नाही.

तुम्ही डोकी मोजताय. ऑस्ट्रियात ‘मार्क्ट’ (बाजाराचा हक्क असलेलं गाव) हा दर्जा डोकी मोजून मिळालेला नाही. हालस्टाटला तो १३११ साली मिळाला. राजा आल्ब्रेख्त पहिला याचा १३०८ मध्ये खून झाला होता. त्याची विधवा राणी एलिझाबेथ हिने इथला मिठाचा कारभार नव्याने बसवला आणि वस्तीला बाजाराचा हक्क लिहून दिला. आपल्याकडे पेठ वसवायला कौल देत, त्याच जातीची ही सनद. आपल्या जुन्या कागदांतसुद्धा ‘मौजे’ आणि ‘कसबे’ हा फरक लोकसंख्येचा नव्हता. जिथे पेठ, तो कसबा. पेठ नाही ते मौजे, मग तिथे घरं कितीही असोत. ‘मार्क्ट’ला याहून चपखल मराठी शब्द मला सापडला नाही. ‘बाजारगाव’ लिहिलं तर लोक मंगळवारच्या बाजारात भाजी शोधायला निघतील. ऑस्ट्रियात आज साडेसातशेहून जास्त गावं हा किताब मिरवतात. त्याचा बाजाराशी संबंध आता नावापुरता उरलाय, हे कबूल. पण कसबा पेठेत राहणाऱ्याला तुम्ही परगण्याचा कारभार कुठे विचारता?

आता माणसांकडे येतो, कारण तुमचा तो आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला. वही चाळली तेव्हा कळलं की माणसं लिहिण्याआधी जागा लिहायला हवी होती. जागेशिवाय ती माणसं समजतच नाहीत.

कागदावर हालस्टाटची हद्द जवळजवळ साठ चौरस किलोमीटर आहे. साडेसातशे माणसांना एवढी जमीन म्हणजे चैनच. पण त्यातला बहुतेक भाग डाखश्टाइनच्या चुनखडीचा उघडा कातळ आणि जंगल. त्या डोंगररांगेचं सर्वोच्च शिखर २९९५ मीटर, गाव ५११ मीटरवर आणि समोर १२५ मीटर खोल तळं. गाव या दोघांच्या फटीत बसलंय. एक घर दुसऱ्याच्या डोक्यावर, खालच्यांचे पाय पाण्यात. मी ऑक्टोबरात गेलो होतो. गाव तळ्याच्या पश्चिम काठावर आणि डोंगर थेट पाठीशी, त्यामुळे दुपार नीट सरायच्या आतच सूर्य मागे गेला. समोरच्या काठावर मात्र पुढे कितीतरी वेळ ऊन होतं. कोकणात घाटाच्या पायथ्याला सकाळ उशिरा होते, इथे संध्याकाळ लवकर होते.

या गावाला गाडीरस्ता मिळाला तोच १८९० साली, कडा सुरुंगाने फोडून. त्याआधी होडी किंवा पायवाट. काठावरच्या घरांतून पलीकडे जायची एक ‘वरची वाट’ होती आणि ती म्हणे घरांच्या माळ्यांमधून जायची! रेल्वे १८७७ मध्ये आली, पण तळ्याच्या पूर्व काठाने. आजही ‘हालस्टाट’ अशी पाटी असलेल्या स्टेशनावर उतरलात की गाव समोर दिसतं, आणि मध्ये तळं. होडीने जावं लागतं. दक्षिणेला ओढ्यांनी आणलेल्या गाळावर जरा सपाट जागा आहे, तिला ‘लान’ म्हणतात. १७५० च्या आगीत मधलं गाव जळालं, तेव्हा मीठ आटवण्याचं कढईघर पुन्हा उभारलं ते त्या सपाटीवर. आज चौकात जी रंगीत घरं दिसतात आणि ज्यांचे फोटो आपण सगळे काढतो, ती बरीचशी त्या आगीनंतरची.

आता मीठ. डोंगरात पोकळी खणायची, तिच्यात गोडं पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की ते खारं पाणी बाहेर काढून कढईत आटवायचं, ही तिथली जुनी रीत. आटवायला लाकूड लागतं, आणि ते मणामणाने. जवळची जंगलं पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी उलटा विचार केला: लाकूड इथे आणण्यापेक्षा खारं पाणीच लाकडाकडे न्यावं. १५९५ ते १६०७ या काळात आतून पोखरलेल्या सुमारे तेरा हजार ओंडक्यांची, चाळीस किलोमीटर लांबीची नळवाट एबेन्झे या गावापर्यंत घातली. खारं पाणी आजही एबेन्झेलाच जातं, नळ तेवढे बदलले. मला या गावातली सगळ्यात थोर गोष्ट हीच वाटते. पण तिच्यापुढे उभं राहून कुणी सेल्फी काढत नाही.

आणि याच मिठामुळे इथल्या माणसाला मोकळीक नव्हती. ‘साल्झकामरगूट’ या इथल्या मुलखाच्या नावातच ते आलंय: मीठ, आणि राजाच्या खजिन्याची खासगी मालमत्ता. ग्मुंडेनच्या मीठ कचेरीचा अंमल इतका कडक होता की या मुलखात यायला-जायलाही परवानगी लागे.

माणसं कुठे आहेत, हे तुम्ही विचारलंत. खाण आणि कढई सांभाळणाऱ्यांपैकी बरेच जण मनातून प्रोटेस्टंट होते आणि राजा कडवा कॅथलिक. १७३४ पासून पुढच्या काही वर्षांत सम्राट कार्ल सहावा याच्या हुकमाने हालस्टाट, गोइझर्न, इश्ल या भागातल्या सहाशेहून जास्त लोकांना होड्यांत घालून डॅन्यूबवाटे ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) पाठवलं गेलं. देशाबाहेर नाही, साम्राज्याच्याच दुसऱ्या टोकाला. कामाचे हात परक्या राजाकडे जायला नकोत, हा हिशोब. त्यानंतर १७८१ मध्ये जोसेफ दुसऱ्याने सहिष्णुतेचा हुकूम काढला, तोही अटींसकट: प्रार्थनाघर चालेल, मनोरा नको. मनोऱ्याची मोकळीक पुढे बऱ्याच काळाने मिळाली. हालस्टाटच्या प्रत्येक फोटोत तळ्याकाठी जो निमुळता, उंच मनोरा दिसतो ना, तो या लोकांच्या चर्चचा. १८६३ साली पुरा झालेला. माझ्या लेखात त्याचा फोटो होता आणि खाली ओळ होती ‘परीकथेतलं चर्च’. त्या ओळीची आता मलाच लाज वाटते.

त्याच १७३४ साली खाणीत एका माणसाचा देह सापडला. फार जुन्या काळी दरडीखाली गाडला गेलेला, मिठात मुरून टिकलेला. लोकांनी त्याला दफनभूमीच्या एका कोपऱ्यात पुरलं. जिवंत माणसं होडीतून बाहेर घालवली त्याच वर्षी हजारो वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी खाणकामगाराला गावात साडेतीन हात जागा मिळाली. (हा योगायोग मला वही चाळताना दिसला. लेख लिहिताना दिसला असता तर बरं झालं असतं.)

मिठाने आणखीही बरंच राखलंय. लोकरीचे तुकडे, कातडी पिशव्या, चुडी. आणि विष्ठाही. किळस करू नका. २०२१ मध्ये तिच्या अभ्यासातून कळलं की सुमारे २७०० वर्षांपूर्वीचे ते कामगार निळ्या बुरशीचं चीज खात आणि बिअर पीत. खाणीजवळच्या वरच्या दरीतली प्राचीन थडगी खणायचं काम योहान गेओर्ग राम्साउअरने केलं. हा खाणीचा अधिकारी, पुरातत्त्वाचं शिक्षण नसलेला. १८४६ ते १८६३ या काळात त्याने ९८० च्या आसपास थडगी उघडली, आणि कुठे काय सापडलं त्याची जलरंगांत चित्रं करवून ठेवली. बाल्टिकचा अंबर आणि हस्तिदंतही त्या थडग्यांत निघाला. मिठाच्या बदल्यात जग इथे येत होतं. युरोपच्या आद्य लोहयुगाला ‘हालस्टाट’ हे नाव पडलं ते यामुळे. नंतरच्या अभ्यासकांनी हाडं तपासली तेव्हा दिसलं की ओझी वाहून मणके झिजलेले होते. लहान मुलांचेही.

आता कवट्या.

मी ‘विक्षिप्त’ लिहिलं ते रागावण्यासारखंच होतं. कॅथलिक चर्चची दफनभूमी डोंगराला चिकटलेली, वाढवायला वीतभर जागा नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं काढायची, नव्या मृताला जागा द्यायची. कवटी स्वच्छ करून उन्हा-चांदण्यात पांढरी होईपर्यंत ठेवायची. मग तिच्यावर नाव, साल आणि फुलं-पानं रंगवायची: ओक, आयव्ही, गुलाब. आणि सेंट मायकेलच्या चॅपेलखालच्या हाडघरात, त्या त्या घराण्याच्या कवट्यांशेजारी ठेवायची. तिथे बाराशेच्या वर कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. रंगवायची रीत १७२० च्या सुमाराची. चर्चने दहनाला मोकळीक दिल्यावर जागेची अडचण सुटत गेली आणि रीत मागे पडली. शेवटची कवटी १९९५ मध्ये आली. ती बाई १९८३ साली वारली होती. तिचा सोन्याचा दात अजून तसाच दिसतो.

मी तिथे उभा असताना माझ्याआधी आलेला एक घोळका हसत होता, आणि खरं सांगायचं तर मीही. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर फोटो पुन्हा पाहिले. एकच आडनाव ओळीने पाच-सहा कवट्यांवर. जनगणनेत माणसाचा आकडा होतो. इथे नाव आहे, साल आहे आणि शेजारी आजी आहे. लेखात मी लोकसंख्येचा एक आकडा टाकून पुढे गेलो, आणि गावाने स्वतः ठेवलेली नोंद समोर असताना तिला ‘विक्षिप्त’ म्हणालो.

आकडाही आता नीट देतो. २००१ मध्ये इथे ९४६ माणसं होती. आज साडेसातशेच्या आसपास. पंचवीस वर्षांत पाचातला एक कमी झाला. त्याच काळात पाहुणे वाढले: १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, २००६ मध्ये एका कोरियन मालिकेचं चित्रीकरण झालं, २०१२ मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये या गावाची हुबेहूब प्रतिकृती उघडली. कोविडआधी वर्षाला दहा लाखांच्या घरात लोक येत. गर्दीच्या दिवशी दहा हजार, म्हणजे एका गावकऱ्यामागे तेरा पाहुणे. २०२० पासून बसगाड्यांना वेळ ठरवून यावं लागतं. २०२३ मध्ये फोटोच्या ठिकाणी लाकडी कुंपण घातलं आणि ओरड झाल्यावर काढलं. त्याच ऑगस्टमध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. पाहुण्यांवर मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर बस नको, हे त्यांचं मागणं. मला ते अवाजवी वाटत नाही.

तुमच्या चिमट्याला उत्तर नाही. गेलो होतो तो पर्यटक म्हणूनच, त्या तेरांतला एक. दोन रात्री राहिलो, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. शेवटची होडी गेल्यावर चौकात मी, कारंजं आणि कुत्रा फिरवायला निघालेल्या एक आजी. त्यांनी जर्मनमधून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बहुधा, चुकलात का, असं विचारलं असावं.

मूळ लेखात बदल केलेत: ‘अखंड’ काढलं, ‘विक्षिप्त’ काढलं, मनोऱ्याच्या फोटोखालची ओळ बदलली, आणि ट्रान्सिल्व्हेनियाला गेलेल्यांवर एक परिच्छेद घातलाय. ‘कसबा’ तसाच ठेवलाय. त्यावर अजून भांडायचं असेल तर या.