फ्यूजनच्या भरवशावर सोलर पंपाचा हिस्सा अडवून ठेवू नका

आमच्या औसा तालुक्यातल्या गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "अमेरिकेने पृथ्वीवर सूर्य बनवला. घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली. एक लिटर पाण्यात तीनशे लिटर पेट्रोलची ताकद. पाच वर्षांत घरोघरी फुकट वीज. भारत मात्र झोपलेला." माझ्या चुलतभावाने सौर कृषी पंपाचा अर्ज केलाय, त्याचा हिस्सा, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः भरायची रक्कम, भरायचा राहिलाय. परवा म्हणाला, "कामून भरू आता? फुकटची लाईट येऊलालीय की." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि फ्यूजन, म्हणजे सूर्यात होतं तसं हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा काढणं, हा माझा सगळ्यात आवडता धडा आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

"घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली." ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझरांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि मिरीच्या दाण्याएवढ्या इंधनाच्या गोळीतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. खरं आहे, वर्गात सांगताना आजही अंगावर काटा येतो. आता आपल्या मीटरच्या भाषेत बघा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे निघाली ती एका युनिटपेक्षाही कमी, आणि तीसुद्धा वीज नव्हे. ते लेझर पेटवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट ओढावे लागले. आपली पाच एचपीची मोटार तासाला चारेक युनिट खाते. निघालेल्या ऊर्जेवर ती पाव तासही चालणार नाही, घातलेल्या विजेवर वीस तास चालेल. मेसेजमधलं "जास्त" हे गोळीवर सोडलेल्या प्रकाशाच्या तुलनेत आहे.

"एक लिटर पाणी, तीनशे लिटर पेट्रोल." कागदावर हिशोब बसतो. पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये थोडा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असतो. तो शेवटच्या कणापर्यंत जाळता आला तर साधारण एवढी ऊर्जा निघेल. पण त्यातल्या त्यात सोपी अभिक्रिया ड्युटेरियम आणि ट्रिटियमची. ट्रिटियम हा हायड्रोजनचा आणखी जड, किरणोत्सारी प्रकार, आणि तो पाण्यातून काढता येईल इतका नसतो. सव्वाबारा वर्षांत निम्मा संपतो, आणि साऱ्या जगाचा साठा मोजायचा तर किलोंत मोजावा लागतो. तो फ्यूजनच्या भट्टीतच लिथियमपासून तयार करत राहायचा, असा बेत आहे. पूर्ण प्रमाणावर हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही. माझ्या मते लेझर आणि तापमानाच्या बातम्यांपेक्षा या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

"पाच वर्षांत." फ्रान्समधल्या कादाराश इथे ईटर हे अनेक देशांचं मिळून फ्यूजनचं प्रयोगयंत्र उभं राहतंय. ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट काढायचं त्याचं उद्दिष्ट आहे, आणि तिथे वीज तयार होणारच नाही. उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडली जाईल. नव्या वेळापत्रकाप्रमाणे ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ ला सुरू होतील. काही खासगी कंपन्या त्याआधीच्या तारखा देतात. त्यांना यश यावं असं मला मनापासून वाटतं, पण त्या तारखांवर कुणी पेरणी ठरवू नये.

"फुकट." विहिरीतलं पाणीही फुकटच असतं. मोटार, केबल आणि पाइप कुठे फुकट मिळतात?

यात एक गोष्ट कुणीच बोलत नाही, आणि आपल्याला तीच सगळ्यात जवळची आहे. ईटरसारख्या भट्टीतून पुढे वीज काढायची तरी रीत जुनीच: उष्णतेने पाणी उकळायचं, वाफेने टर्बाइन फिरवायचं, वाफ पुन्हा थंड करायची. थंड करायला पाणी लागतं. परळीचं औष्णिक केंद्र आठवा. खडका बंधारा आटला तेव्हा २०१३ ला आणि पुन्हा २०१५ ला सगळे संच बंद करावे लागले. रेल्वेने जाताना ते टॉवर दिसायचे, वर वाफेचा पांढरा लोळ नाही, नुसतं कोरडं सिमेंट. २०१६ ला तर लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. फ्यूजनचं केंद्र उद्या समुद्राकाठी किंवा बारमाही नदीवर उभं राहील. मराठवाड्यात आणायचं म्हटलं तर पहिला प्रश्न पाण्याचाच असेल. सोलर पॅनेलला अधूनमधून धुण्यापुरतं पाणी पुरतं.

"भारत झोपलेला." हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक, म्हणजे तापलेला वायू चुंबकांनी कोंडून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र, १९८९ पासून आहे. ईटरच्या सात भागीदारांत आपण आहोत. ईटरच्या सबंध यंत्राला वेढणारा क्रायोस्टॅट, म्हणजे आतले चुंबक अतिथंड ठेवायला लागणारं निर्वात भांडं, सुमारे तीस मीटर उंच आणि हजारो टन वजनाचा, भारताने दिलाय. त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडवून जहाजाने पाठवले. आणि फ्यूजनबाहेरचं सांगायचं तर आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा मंजूर झालीय. ग्रुपवर ही बातमी मी एकदाही पाहिली नाही.

"फ्यूजन म्हणजे थापा" असं म्हणणारेही भेटतात, त्यांचंही मला पटत नाही. इंग्लंडच्या जेट नावाच्या फ्यूजन यंत्राने २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली. चिमटीत न येणाऱ्या इंधनातून एकोणीस युनिटांची उष्णता! त्या यंत्राने तेवढ्यासाठी खर्च त्याहून बराच जास्त केला, तरी हा रस्ता खरा आहे.

चुलतभावाला मी एवढंच म्हणालो: तुझी थ्री फेज या आठवड्यात रात्रपाळीला आहे. दारं धरायला बारा वाजता बॅटरी घेऊन तू जाणार, काकू ओट्यावर जागी बसणार. सोलर पंप दिवसा चालेल, म्हणून हिस्सा सोमवारी भरून टाक. पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडून घे.