बिडकीनच्या नोकऱ्या आणि व्ही-ब्लॉकवरचा शाफ्ट

छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर हल्ली एकच वाद रंगतो. विजेच्या स्कूटर बनवणारी एथर आणि मोटारी बनवणारी टोयोटा किर्लोस्कर यांनी 2024 मध्ये शहराजवळच्या ऑरिक औद्योगिक नगरीत, बिडकीनच्या भागात, कारखाने जाहीर केले. तिथल्या नोकऱ्या मराठवाड्याच्या पोरांना मिळणार, की पुण्याहून माणसं येणार? काहींचं म्हणणं, स्थानिकांचा टक्का आधीच ठरवून घ्या. काही म्हणतात, मेकॅनिकलला आता विचारतं कोण, कॉम्प्युटरच्या जागा वाढवा. दोघांचीही काळजी खरी आहे. पण फिरणाऱ्या भागांचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती चूक चालेल याच्या मर्यादा, आपण ज्या तऱ्हेने शिकवतो ती तऱ्हा तशीच राहिली, तर टक्का मिळूनही आपली पोरं कारखान्याच्या गेटपाशीच अडतील, असं मला ठामपणे वाटतं.

मी जर्मनीत श्वाइनफुर्टला असतो. फ्रीडरिश फिशर यांनी 1883 मध्ये पोलादी गोळ्या अचूक गोल घासण्याचं यंत्र इथेच तयार केलं, आणि तेव्हापासून हे गाव बेअरिंगवर, म्हणजे फिरता भाग ज्यावर टेकून सहज फिरतो त्या सुट्या भागावर, जगतं. इथल्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलाच्या हातात एक शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारा गोल दांडा, देतात. मायक्रोमीटर लावून बघ म्हणतात. कुठूनही मोजा, जाडी 20.00 मिलिमीटर. गोल आहे का? पोरगं हो म्हणतं. मग तोच शाफ्ट 60 अंशांच्या व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर, ठेवून हळूहळू फिरवायचा, वर डायल गेज, म्हणजे बारीकसा चढउतार काट्याने दाखवणारं मापक. काटा एका फेऱ्यात तीनदा वर-खाली होतो. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे दांडा टोकांना न धरता चाकांमध्ये घासताना, अंगावर तीन उंचवटे राहिलेत. समोरासमोरचं अंतर मात्र सगळीकडे सारखं, म्हणून मायक्रोमीटरला पत्ता नाही. पोरगं व्ही-ब्लॉकवर विसंबायला लागलं की मास्तर पाच उंचवट्यांचा दुसरा शाफ्ट त्याच ब्लॉकवर ठेवतात. काटा जागचा हलत नाही! त्या कोनात पाच उंचवटे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. ब्लॉकचा कोन बदलला की दिसायला लागतात. त्या दिवसानंतर हे पोरगं कुठलंही माप घेताना आधी विचारतं, जॉब, म्हणजे मोजायची वस्तू, टेकलाय कशावर?

आपल्याकडे हाच धडा तक्त्यातून येतो. मी पाहिलेल्या नोट्समध्ये ड्रॉइंगवर आकार आणि जागेची टॉलरन्स दाखवणारी अजून 14 चिन्हं पाठ करायला आहेत. अमेरिकेच्या एएसएमई मानकाने 2018 मध्ये त्यातली कॉन्सेंट्रिसिटी (दोन भागांचे मध्य एकाच अक्षावर असणं) आणि सिमेट्री (दोन्ही बाजू मध्यापासून सारख्या असणं) काढून टाकली, कारण मधल्या बिंदूंचा हिशोब करून मोजणं जिकिरीचं होतं आणि बऱ्याच ठिकाणी रनआउटने, म्हणजे भाग एक फेरा फिरवताना काटा किती हलतो या मापाने, काम भागतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाने ती ठेवली आहेत. हा फरक का झाला, यावर एक तास बोललं तरी मुलांना अर्धा विषय उमगेल. रनआउटमध्ये गोलाईची चूक आणि अक्ष सरकल्याची चूक दोन्ही मिळून दिसतात. अक्ष 0.02 मिलिमीटर सरकला तर पूर्ण फेऱ्यात काटा 0.04 दाखवतो. हे डोळ्यांनी एकदा पाहिलेला मुलगा परीक्षेत गोंधळत नाही.

त्याहून मोठी अडचण डेटमची, म्हणजे माप ज्याच्या आधाराने घ्यायचं त्या पृष्ठभागाची किंवा अक्षाची. संगणकावर सुरेख मॉडेल करणारी आपली पोरं शाफ्टच्या ड्रॉइंगवर रनआउटची खूण टाकतात, आणि डेटम म्हणून सोयीचा कुठलातरी पृष्ठभाग धरतात. शाफ्ट तर फिरणार दोन बेअरिंगच्या जागांवर! त्या दोन जागांचा मिळून होणारा अक्ष धरला नाही तर बाकीचा हिशोब वाया जातो.

विजेच्या गाडीत हे अधिकच झोंबणार आहे. मोटरमधल्या 10 किलोच्या रोटरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, गुरुत्वमध्य 0.1 मिलिमीटर सरकलेला असला, तर 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) बेअरिंगवर सुमारे 100 न्यूटनचा, म्हणजे 10 किलो वजनाएवढा फिरता झटका बसतो. वेग दुप्पट झाला की झटका चौपट. 10,000 आरपीएमला तो अकरा पटींवर जातो. मेकॅनिकलचं काम संपलं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

जर्मनीचं सगळं उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. इथला मेकॅनिकचा शिकाऊ साडेतीन वर्षं आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात घालवतो, आणि त्याचा पगार कंपनी देते. हिंगोली-परभणीच्या कॉलेजला ते उद्या जमणारं नाही. संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम हे प्रशिक्षण केंद्र आहे, पण बाहेरगावच्या मुलाने रोज तिथे जायचं कसं?

जमण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. एक सरफेस प्लेट (मोजण्यासाठीचा अगदी सपाट पाट), वेगवेगळ्या कोनांचे दोन व्ही-ब्लॉक, बेंच सेंटर (शाफ्ट दोन टोकांना धरून फिरवायचं साधन), मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज. सीएमएम या संगणकी मोजणी यंत्रासाठी लाखोंचा प्रस्ताव पाठवून वाट बघत बसायची गरज नाही. वाळूजमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कंपनीची परवानगी घेऊन रिजेक्शनमधले थोडे शाफ्ट कॉलेजला पाठवावेत. एसटीच्या पार्सलने धाराशिवलाही पोहोचतील. ज्यांचं ड्रॉइंग कंपनी देणार नाही, त्यांचं सरांनी नवीन काढावं.

आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चिन्हं काढायला लावू नयेत. मुलाच्या हातात शाफ्ट आणि ड्रॉइंग द्यावं, अर्धा तास द्यावा, आणि विचारावं: हा कशावर फिरणार, तू कशावर टेकवून मोजलंस, पास की रिजेक्ट? उत्तराखाली त्याने स्वतःची सही करावी, कारखान्यात करावी लागते तशी.